दोन चिठ्ठ्या, एक पेटी

मतदान म्हणजे काय, हे मला आजीने शिकवलं ते साखरेच्या आणि चहाच्या डब्यांवर. १९८० सालचा जानेवारी होता. लोकसभेची निवडणूक तोंडावर आलेली, चाळीच्या आवारात दिवसभर भोंगे वाजत होते, आणि मी दहा वर्षांची. ‘मत टाकतात म्हणजे नक्की काय टाकतात गं?’ असं मी विचारलं तेव्हा आजी भाकऱ्या थापून नुकतीच उठली होती. पिठाचे हात पदराला पुसत तिने फळीवरून दोन डबे काढले, बाबांच्या शर्टाच्या खिशातली बेस्टची दोन तिकिटं घेतली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली.

‘बावन्न साली शिक्का नव्हता मारायचा,’ ती म्हणाली. ‘जेवढे उमेदवार तेवढ्या पेट्या. पेटीवर चित्र. हा चहाचा डबा बैलजोडीचा, काँग्रेसचा. हा साखरेचा, हत्तीचा. आपला. आडोशाला जायचं, चिठ्ठी पेटीत टाकायची, बाहेर यायचं. आम्हाला दोन-दोन चिठ्ठ्या होत्या.’ मग तिने साखरेच्या डब्याचं झाकण काढलं आणि एक तिकीट आत सोडलं. जरा थांबून दुसरंही त्यातच सोडलं.

‘मी दोन्ही हत्तीला टाकल्या. त्यातली एक कुजली.’

बटाटा कुजतो, पावसाळ्यात लाकूड कुजतं. मत कसं कुजेल, ते मला कळेना. आजीने दोन्ही तिकिटं साखरेतून वेचून काढली, त्यांना चिकटलेले कण बोटाने परत डब्यात पाडले, झाकण घट्ट लावलं आणि डबे फळीवर ठेवून दिले. त्यावर ती पुढे काही बोलली नाही, आणि तिचा चेहरा बघून मीही विचारलं नाही.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या एका वाक्याचा अर्थ मला पुढे तुकड्यातुकड्यांनी लागत गेला. बाबासाहेबांच्या आयुष्याबद्दल आमच्या घरात लहान मूलही चार गोष्टी सांगेल. चवदार तळं, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान, दीक्षाभूमी. पण ते आमच्या परळचे आमदार होते, असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आमदार हा शब्द त्या काळाला तितकासा चपखल नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मुंबई इलाखा होता आणि विधानसभा १९३५ च्या कायद्याने आलेली होती. पण लोकांनी मतं देऊन विधानसभेत पाठवलेला माणूस म्हणजे आमदारच. आणि लोकांच्या थेट मतांवर बाबासाहेब आयुष्यात एकदाच निवडून आले, ते १९३७ साली, मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघातून.

त्या मतदारसंघातून एकापेक्षा जास्त आमदार निवडून द्यायचे होते. पुणे करारानुसार त्यातली एक जागा अस्पृश्यांसाठी राखीव होती. मतदार सगळे एकत्र, आणि जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाच्या हातात. इथपर्यंत पाठ्यपुस्तकातही असतं. पुढचा नियम मात्र मी पन्नाशीला टेकल्यावर वाचला आणि वाचून पुस्तक मिटून ठेवलं. मुंबई इलाख्यात त्या वेळी मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती. त्यातलं एकही वाया जात नव्हतं.

म्हणजे आजीने १९५२ साली जे केलं ते १९३७ साली चुकीचं नव्हतं. तेच करायचं होतं.

आमच्या घरात त्या १९३७ च्या निवडणुकीत मत असलेला एकच माणूस होता, माझे पणजोबा. तेव्हा मताचा अधिकार सरसकट नव्हता. घरभाडं, कर, शिक्षण असल्या अटी होत्या. पण फौजेतून सुटलेल्या शिपायाला मत होतं, आणि पणजोबा पहिल्या महायुद्धात उभारलेल्या १११ महार पलटणीत होते. १९१७ ची ती पलटण १९२१ मध्ये मोडली. पणजोबा गावी परतले, गावात भागेना म्हणून मुंबईला गिरणीत आले. फौजेतून सुटल्याचा त्यांचा कागद बाबांच्या पेटीत होता. घड्यांवर फाटलेला, मागून खळीने चिकटवलेला. त्या कागदाच्या जोरावर त्यांनी मत दिलं. बाबांच्या आणि आत्याच्या बोलण्यातून मी जे जुळवलंय ते असं, की १९५२ साली मतदानाच्या आदल्या रात्री सुनेला बसवून सांगणारे तेच होते: ‘आम्ही सगळी एकालाच दिली होती. तूही तेच कर.’ सून चोवीस वर्षांची, पहिलंच मत, समोर सासरे, आणि पेटी बाबासाहेबांची. ती काय वेगळं करणार होती?

हा नियम का महत्त्वाचा, ते कागदावर मांडून बघितल्याशिवाय पटत नाही. मी मांडलं. समजा, मतदारसंघात हजार मतदार. जागा तीन, त्यातली एक राखीव. तीनशे मतदार आपले, सातशे दुसऱ्यांचे. प्रत्येकाला तीन मतं. आता नियम असा असला की एका उमेदवाराला एकच मत द्यायचं, तर आपल्या माणसाला मिळणार तीनशे. समोरचे सातशे जण दोन मतं आपल्या उमेदवारांना देतील आणि तिसरं राखीव जागेवर त्यांनी उभ्या केलेल्या माणसाला. त्याला पडणार सातशे. जागा आपल्या नावाची, पण तिच्यावर कोण बसणार ते ठरवणार ते. आता नियम बदला. आपल्या तीनशे जणांनी तिन्ही मतं एकालाच दिली, तर झाली नऊशे. समोरच्यांची एकवीसशे मतं तीन उमेदवारांत वाटली गेली तर प्रत्येकी सातशे. आपला माणूस आला. माणसं तीच, मतं तेवढीच, तरी निकाल उलटा.

हे गणित त्या वेळच्या पुढाऱ्यांना पुरेपूर कळत होतं. मतदारसंघ आखायला हॅमंड समिती आली तेव्हा तिच्यापुढे हाच वाद झाला. एका उमेदवाराला एकच मत, अशी सक्ती सवर्ण पुढाऱ्यांना हवी होती, तर मतं एकवटण्याची मुभा अस्पृश्यांना हवी होती. हा वाद का घातला गेला, ते बाबासाहेबांनी १९४५ मध्ये सविस्तर लिहून ठेवलंय. पुणे करारात अस्पृश्यांचे स्वतंत्र, म्हणजे फक्त त्यांनीच मत द्यायचे, मतदारसंघ गेले होते. जे हातातून गेलं त्यातलं थोडं तरी या मतांच्या नियमातून परत मिळवायचं होतं. येरवड्याच्या तुरुंगातल्या त्या सहीबद्दल आपल्याकडे किती बोललं जातं! त्यानंतर तीन-चार वर्षं समित्यांपुढे बसून, कलमा-कलमाला हरकत घेऊन जे झगडणं झालं त्याबद्दल फार कमी. मला ते झगडणं जास्त मोठं वाटतं.

नियम काही कोणी एकाने शोधून काढलेला नव्हता. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तर १८७० पासून १९८० पर्यंत कनिष्ठ सभागृहाची निवडणूक अशीच होत होती. एका मतदारसंघात तीन जागा, मतदाराला तीन मतं, हवं तर तिन्ही एकाला.

भायखळा-परळच्या राखीव जागेवर बाबासाहेबांसमोर काँग्रेसने उभं केलं होतं पालवणकर बाळूंना. मी हे नाव क्रिकेटमुळे ओळखत होते. डावखुरा मंदगती गोलंदाज. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून शंभराहून जास्त बळी घेतले. चांभाराच्या घरचा मुलगा. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबावर खेळपट्टी राखायला लागला, साहेबांना सरावाला चेंडू टाकू लागला आणि तिथून हिंदूंच्या संघात आला. मैदानावर सगळे एक. चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या कुल्हडात. त्यांचा भाऊ विठ्ठल पुढे त्याच हिंदू संघाचा कप्तान झाला. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पुणे कराराच्या दिवसांत मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

आमच्या लोकांनी मान वर करून ज्यांच्याकडे बघावं अशी दोन माणसं एका जागेसाठी समोरासमोर उभी करणं, हा मला त्या निवडणुकीतला सगळ्यात दुखरा भाग वाटतो. निकाल लागला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा. हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरून चालत नाही, की ही मतं आहेत, माणसं नव्हेत. एकेका माणसाची दोन-तीन मतं त्यात असणार. माझ्या पणजोबांनी एकट्याने त्यात किती घातली, ते मोजायला गेलं की मला भरून येतं. बाळूंच्या अकरा हजारांतही अशीच माणसं असतील. मैदानाबाहेरचा तो कुल्हड ज्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्यांनी प्रेमाने आपली सगळी मतं बाळूंच्या पारड्यात ओतली असतील. त्यांना मी कशी नावं ठेवू?

परळ बाबासाहेबांना नवं नव्हतं. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत त्यांनी वीसेक वर्षं काढली होती. कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये. दादरचं ‘राजगृह’ बांधून ते तिकडे राहायला गेले तरी माणसं कामं घेऊन परळलाच येत. सभागृहही नवं नव्हतं. १९२७ पासून ते मुंबईच्या विधिमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसत होते. बाळंतपणात गिरणीतल्या बायांना पगारी रजा मिळावी म्हणून १९२८ मध्ये ते तिथेच बोलले होते, महार वतनाचं विधेयकही त्यांनी तिथे आणलं होतं. पण नेमलेला सभासद वेगळा आणि मतं घेऊन आलेला वेगळा. १९३७ नंतरची त्यांची भाषणं वाचताना हा फरक जाणवतो. आवाज तोच, पण मागे माणसं उभी आहेत.

त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना ऑगस्ट १९३६ मधली. निवडणूक फेब्रुवारीत, म्हणजे हातात सहा महिने. सतरा उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड आले, पुण्याहून रा. रा. भोळे. आणि अस्पृश्य नसलेले अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर हेही याच पक्षाचे. मला हे फार मोलाचं वाटतं. राखीव जागेवरून, एकवटलेल्या मतांच्या जोरावर आलेला माणूस फक्त आपल्या जातीपुरता बोलेल, अशी भीती तेव्हाही घातली जात होती, आजही घातली जाते. या माणसाने पक्षाचं नावच मजूर ठेवलं आणि सभागृहात गेल्यावर पहिली मोठी कुऱ्हाड चालवली ती खोतीवर.

त्या वर्षीचं अधिवेशन पुण्यात भरलं होतं, कौन्सिल हॉलमध्ये. मी आता पुण्यात राहते आणि कॅम्पातून बस जाते तेव्हा ती इमारत दिसते. तिच्या फाटकावर आता सरकारी गाड्यांची वर्दळ असते. आत १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सारा गोळा करायचा हक्क त्याचा, आणि त्या हक्काच्या आडून कुळाच्या अख्ख्या संसारावर त्याची सत्ता. विधेयकाचं म्हणणं साधं होतं. खोताला भरपाई द्या, त्याला मधून काढा, आणि जमीन प्रत्यक्ष जो कसतो त्याला सरकारचा थेट कब्जेदार माना.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. खोत म्हणजे काय, हे आजीला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. दारातल्या फणसाचा पहिला फणस खोताच्या पडवीत नेऊन ठेवायचा आणि वळून बघायचं नाही, हे ती सांगायची. पावसाच्या आधी त्याचं घर शाकारायला घरटी एक माणूस जायचा, मजुरीचं नाव नाही. आपल्या दारातला आंबा आपण पाडायचा नाही. हे सगळं ती अगदी सपाट आवाजात सांगायची. ‘मग तुम्ही काही बोलायचा नाहीत?’ असं मी एकदा तिला विचारलं. ‘कोणाला बोलणार?’ ती म्हणाली.

कोणाला बोलायचं, त्याला १९३७ मध्ये पहिल्यांदा उत्तर मिळालं. मतदारसंघ मुंबईच्या गिरण्यांतला, पण त्या गिरण्यांत राबणारी माणसं कोकणातली. परळच्या आमदाराने रत्नागिरीच्या खोताविरुद्ध विधेयक आणलं, ते काही कोणी दूरचं दुखणं उचललं म्हणून नाही. चाळीतल्या दर दुसऱ्या खोलीत एक कूळ राहत होतं. तिकडे अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांचा संप १९३३ पासून चालू होता. जमिनी पडीक ठेवून लोक तग धरून होते. १० जानेवारी १९३८ रोजी ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत उतरले आणि मोर्चा विधिमंडळावर निघाला. मुंबईतला कौन्सिल हॉल तेव्हा अपोलो बंदराजवळ होता. आज त्या इमारतीत राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. मोर्चात कुणबी होते, महार होते, आगरी होते. बाबासाहेब त्यांच्या पुढे होते.

विधेयक मात्र पास झालं नाही. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने, महार वतन संपलं १९५८ च्या. विधेयक मांडणाऱ्याच्या वाट्याला त्याचं फळ येतंच असं नाही. पण खाजगी सभासदाने मांडलेलं ते विधेयक, त्यातली भरपाईची कलमं, कब्जेदाराची व्याख्या वाचली की कळतं, हा माणूस नुसता निषेध नोंदवायला आलेला नव्हता. उद्या हा कायदा अमलात आला तर तलाठी कोणत्या वहीत काय लिहील, इथवर त्याचा विचार झालेला होता.

बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मंत्र्यांना पाचशे रुपये पगार ठरवला तेव्हा सगळीकडे त्या त्यागाचं कौतुक झालं. बाबासाहेबांनी विरोध केला. मंत्र्याचा पगार ठरवताना समाजातलं राहणीमान, लायकी, लोकशाही आणि कारभाराचा स्वच्छपणा ही चार मापं लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हे भाषण आवडतं. पोटापुरता पगार नसेल तर मंत्री होणार कोण? ज्याच्या घरी आधीच आहे तो.

मग आलं १९३८ चं औद्योगिक कलह विधेयक. ठरलेल्या पायऱ्या न चढता केलेला संप त्याने गुन्हा ठरत होता. संप म्हणजे कामाचा करार मोडणं. तो फार तर दिवाणी मामला, त्याला तुरुंग दाखवणं म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणं, आणि इच्छेविरुद्ध राबणाऱ्याला गुलाम म्हणतात, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. सभागृहात मतं नव्हती. म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. त्यात कम्युनिस्ट आणि स्वतंत्र मजूर पक्ष खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आदल्या दिवशी परळच्या कामगार मैदानावर सभा झाली, तिथे कम्युनिस्टांचे डांगे होते आणि आंबेडकरही होते. चौदा वर्षांनी काय होणार होतं ते माहीत असलेल्या मला, त्या एका व्यासपीठाचं फार वाईट वाटतं.

ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर शेवटची मोठी चर्चा झाली, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नरचा अंमल आला. म्हणजे परळच्या आमदाराला सभागृह मिळालं ते सव्वादोन वर्षं. त्या चर्चेत त्यांनी आपल्या निष्ठा उघड सांगितल्या. माझं हित आणि देशाचं हित यांत मी देश निवडीन, पण देश आणि अस्पृश्य समाज यांत पेच पडला तर मी अस्पृश्यांच्या बाजूला असेन, असा त्याचा आशय होता. एकवटलेली मतं घेऊन आलेल्या माणसाने ती मतं कोणाची आहेत ते सभागृहात उभं राहून सांगणं, यात मला कुठेही देशाशी दुरावा दिसत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण नियमाचा धागा धरून पुन्हा बघा. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या नव्या पक्षाची मुंबई इलाख्यात वाताहत झाली. संविधान सभेत पाठवायला आपले आमदारच उरले नाहीत. बाबासाहेब गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडलांच्या मदतीने. तिथे आमदार पसंतीक्रमाने मत देत होते, त्यामुळे लहान गटालाही एकजूट केली तर एक जागा काढता येत होती. फाळणीनंतर ती जागा गेली, तेव्हा जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेली मुंबईची जागा त्यांना मिळाली. त्यानंतर १९५२.

१९५२ चा उत्तर मुंबई मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. फेडरेशन आणि समाजवादी यांची युती. सर्वसाधारण जागेला अशोक मेहता, राखीव जागेला बाबासाहेब. मतदाराला दोन चिठ्ठ्या, पण आता त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक धरायची, दुसरी बाद. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतं मिळवून निवडून आले. ज्या माणसाने नुकतं संविधान सभागृहात कलमागणिक लढवलं, त्याला १,२३,५७६. फरक १४,५६१. आणि बाद झालेली मतं ७४,३३३.

‘मतं कुजवा’ हा शब्द तेव्हाचा. दुसरं मत कोणालाच जाऊ नये म्हणून दोन्ही एकाच पेटीत टाका, असा प्रचार कम्युनिस्ट उमेदवार कॉम्रेड डांगे यांच्या बाजूने झाला, असा आरोप करत बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. अर्ज फेटाळला गेला. कोणी सांगितलं, कोणी ऐकलं, त्याचा निवाडा मी आज करू शकत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या ७४,३३३ मध्ये एक चिठ्ठी माझ्या आजीची होती, आणि ती कोणाच्या प्रचाराने कुजलेली नव्हती. तिने आपल्या हातातलं सगळंच्या सगळं बाबासाहेबांना दिलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी याच परळमध्ये ते सगळं मोजलं गेलं होतं.

त्याच वर्षी बाबासाहेब राज्यसभेवर गेले. तिथेही अनेक जागा होत्या आणि आमदारांनी पसंतीक्रमाने मतं दिली. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली, पुन्हा दोन जागा, पुन्हा सोबतीला अशोक मेहता. दुसरं मत कोणालाच देऊ नका, असं लोकांना सांगायची परवानगी कार्यकर्ते मागत होते आणि बाबासाहेबांनी ती दिली नाही, हरलो तरी चालेल पण मत कुजवायला मी सांगणार नाही असं म्हणाले, ही हकिकत विदर्भातली जुनी माणसं आजही सांगतात. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब भाऊराव बोरकरांकडून हरले.

सगळं एका ओळीत मांडलं की अंगावर काटा येतो. मतं एकवटता येत होती किंवा पसंतीक्रम होता, तिथे ते निवडून आले. प्रत्येक उमेदवाराला सक्तीने एकेकच मत होतं, तिथे दोन्ही वेळा हरले. बाकी कारणं होतीच. काँग्रेसची लाट होती, युतीतल्या मतदारांनी एकमेकांना मतं दिली की नाही हा प्रश्न होता, प्रकृती साथ देत नव्हती. पण हे कारण बाकीच्यांच्या गर्दीत दिसेनासं होतं, म्हणून मी ते वेगळं काढून ठेवते आहे.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. त्याआधी १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये व्ही. व्ही. गिरींसारखा बडा माणूस हरला होता, कारण दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले, एक राखीव जागेवर आणि दुसरा जास्त मतं मिळाली म्हणून सर्वसाधारण जागेवर. सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. त्यानंतर दोन वर्षांत पद्धतच गेली.

गेली असं आपण म्हणतो, पण महापालिकेत ती परत आली आहे. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी पुण्यात मी मत दिलं ते चार जागांच्या प्रभागात. एकेचाळीस प्रभाग, एकशे बासष्ट नगरसेवक. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेची लढत वेगळी, प्रत्येकीला एक बटण दाबायचंच. एकवटायचा प्रश्नच नाही. चौघांत आपला नगरसेवक कोण, हे मला पाच वर्षांत नीट कळलं नाही. आमच्या गल्लीतलं सांडपाणी तुंबलं तेव्हा चौघांपैकी ज्याच्याकडे गेले त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं. अनेक सदस्यांच्या मतदारसंघाचा एवढाच अर्थ आजच्या मुलांना माहीत आहे. त्यात कधी काळी तीनशे माणसांची नऊशे मतं होऊ शकत होती, हे त्यांना सांगायला गेलं की ती आधी मोबाइलवर हिशेब करून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात.

त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात मतदान ओळखपत्राची प्लॅस्टिकची पिशवी. शाई लावून झाल्यावर ती टेबलाशी थांबली. कर्मचारी मुलगी समजावत होती: ‘आजी, चार मतं द्यायची. वर अ, त्याखाली ब, सगळीकडे एकेक बटण.’

म्हातारीने विचारलं, ‘चारही एकालाच दिली तर?’

‘तसं नाही देता येत, आजी.’

‘पहिलं येत होतं का?’

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली. मला बोलायचं होतं. केंद्रात असं बोलता येत नाही म्हणून मी गप्प राहिले. म्हातारी आडोशाला गेली. आत बराच वेळ काही आवाज नाही. बाहेरून कोणीतरी, लवकर करा, रांग वाढलीय, असं म्हणालं. मग एकदाची यंत्राची लांब शिट्टी वाजली, आणि ती पदर सावरत, शाईचं बोट जरा वर धरून बाहेर आली.